गार कपाळ

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला होता. बैल धडधाकट होते, खाचरांत चिखल लोण्यासारखा झाला होता आणि भाताची रोपं हातभर वाढून वाऱ्यावर डुलत होती. नव्हती ती फक्त माणसं. करंजवाडीत घरटी एक-दोघं तरी घोंगडीखाली कण्हत पडली होती. डिंभ्याकडून तलाठी आला, वाडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि नाकाला उपरणं लावून म्हणाला, ह्याला फ्लू म्हणतात, पुण्या-मुंबईकडून आलाय, आजाऱ्यापासून लहान लेकरं लांब ठेवा. एवढं सांगून तो आला त्याच्या दुप्पट वेगाने परत गेला. वाडीने त्याच दिवशी फ्लूचा 'फुलू' केला.

"फुलू न्हाई आन् बिलू न्हाई," म्हातारा धर्माजी आपल्या ओट्यावरून म्हणाला. "ही मानमोडी हाय. मी शेळ्या वळायचो तवा आली व्हती. आमच्या घरात अकरा मानसं व्हती, चार राह्यली."

त्याचं बोलणं कुणाला आवडलं नाही, पण खोटं आहे असंही कुणी म्हटलं नाही.

हौशीरामची बायको ठकू आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दुसऱ्या दिवशी खाचरातच खाली बसली. हातात रोपाची मूठ तशीच, आणि चिखलात फतकल मारलेली. हौशीराम बांधावरून ओरडला, "अगं ऊठ की! बाया फुडं गेल्या." ती उठली नाही. तो आणखी दोनदा ओरडला, बाकीच्या बायकांसमोर तिला काय काय बोलला. मग जवळ गेला आणि दंडाला धरून उठवायला लागला, तर हाताला चटका बसला. तिला पाठीवर घेऊन तो घरी आला. पाठीवर तिच्या दातांची कडकड त्याला ऐकू येत होती आणि आपण काय काय बोललो तेही आठवत होतं.

घरात आता तो, तापाने फणफणलेली ठकू, अडीच वर्षांची मंजुळा आणि चार महिन्यांचा सोपान. हौशीरामची आई मरून पाच वर्षं झालेली. बहीण तळेघरला दिलेली, आणि तिकडेही हाच ताप. म्हणजे घरात बाईमाणूस असं मंजुळाच काय ती.

हौशीरामने तोवर आपली लेकरं खेळवली होती, म्हणजे ती हसत असताना घेतली होती आणि रडायला लागली की बायकोकडे दिली होती. आता ती द्यायला कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी सोपानची दुपटी धुवायला तो ओढ्यावर गेला, तर पलीकडून सावळाराम बैल पाजत होता.

"काय हौशाबाई," सावळाराम म्हणाला, "बाळतपन कसं काय? सुखरूप न्हवं?"

हौशीराम हसला. दुसरं काय करणार? पण दुपटी नीट न पिळताच तो परत फिरला, आणि संध्याकाळी ओल्याच दुपट्यात पोराला गुंडाळावं लागलं.

तिसऱ्या दिवशी ठकूचं दूध आटलं. पोर छातीला लागायचं, ओढायचं आणि चिडून लालेलाल व्हायचं. ती तापातच म्हणायची, "माझ्यात काय न्हाई वो, काय न्हाई." हौशीरामने शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्याने पाजलं. पोराने निम्मं ओकलं, निम्म्याने त्याला हगवण लागली. दोन दिवसांत त्याच्या मांड्यांची कातडी सैल पडली. रडणं सुद्धा बारीक झालं. मोठ्याने रडत होता तेव्हा हौशीराम वैतागायचा. आता आवाज येईना तसा त्याला घाम फुटला.

वाडीत अंगावर पाजणाऱ्या बायका चार. दोघी तापात, तिसरीचं पोर तापात. चौथीच्या सासूने दारातूनच हात जोडले. "बाबा, राग धरू नगं. आमचं बी ल्हान हाय."

"आताराकडं जा," धर्माजी म्हणाला. "त्याच्या घरात अजून ताप शिरला न्हाई. बिबिजानची पोर सा म्हैन्यांची हाय. घाल पदर तिच्यापुढं."

"मी बाप्या मानूस, पदर कसा घालू?"

"मंग धोतराचा सोगा घाल. पोर मरतंय तुझं, आन् बाप्या म्हनं!"

इब्राहिम आताराचं घर ओढ्याच्या पलीकडे, वाडीपासून जरासं सुटं. खांद्याला लाकडी पेटी अडकवून तो गावोगाव हळदकुंकू, काळे मणी, फण्या, सुया विकायचा. घोडेगावच्या बाजारापासून वरच्या आदिवासी पाड्यांपर्यंत बायका त्याला नावाने ओळखायच्या. माणूस सरळ. कुंकवात कधी विटेची पूड घातली नाही, असं सगळा तालुका सांगायचा.

हौशीराम त्याच्या ओट्यापुढे उभा राहिला. काखेत सोपान, दुसऱ्या हाताला मंजुळा.

"इब्राहिमभाई, मागायला तोंड न्हाई..." एवढंच तो बोलला. पण बघणाऱ्याला पुढचं ऐकायची गरज नव्हती. इब्राहिम पोराच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्याने दाराकडे पाहिलं.

दाराआडून बिबिजानच म्हणाली, "आना हिकडं. त्या रडन्यानं माझा पान्हा वाहायला लागलाय."

इब्राहिमने पोराला हातात घेतलं. "एकच इचारतो, हौशीराम. ह्याला ताप न्हाई न्हवं? तीन लेकरं गेल्यावर आमची जैबू राह्यली हाय. ताप असंल तर मी तुला न्हाई म्हनंन, आन् तू राग धरायचा न्हाईस."

"न्हाई भाई. ताप न्हाई." त्या दिवशी ते खरं होतं.

"तू म्हनतोस म्हंजी न्हाई. पर ज्या दिवशी येईल त्या दिवशी आनू नगं. आन् आनखी एक. आमच्यात दूध प्यालं की नातं लागतं. आजपासनं ह्यो जैबूचा भाऊ. ते नातं मोडता येत न्हाई. चालंल तुला?"

हौशीराम त्या वेळी कशालाही हो म्हणाला असता.

तो ओट्याच्या टोकाला ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला. आतून आधी पोराची रडारड आली, मग एकदम शांत झालं, आणि मग घुटक्यांचा आवाज. लोटा पालथा केल्यावर यावा तसा. हौशीरामच्या डोळ्यांना धार लागली. घराकडे पाठ होती हे बरंच झालं. मंजुळाने मात्र बघितलं आणि ती म्हणाली, "बाबा, तुला बी भूक लागली?"

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी, दुपारी, दिवस मावळायच्या आधी अशा तीन खेपा. मधल्या वेळात हौशीराम खाचरात. सावड मोडली होती. एरवी आज सगळ्यांनी ह्याच्या खाचरात, उद्या त्याच्या, असं चालायचं, आता ज्याचं त्याने. तो एकटाच वाकून रोप लावायचा. मंजुळा बांधावर पानांच्या इरल्याखाली बसायची आणि सोपान तिच्या शेजारी टोपलीत. दर चार ओळींनी तो वर बघायचा. सोपान रडायला लागला म्हणून इरल्याबाहेर मंजुळाचा हात आला की तो चिखलाच्या पायांनी धावायचा. संध्याकाळी घरी येऊन ठकूला पेज पाजायची, तिचं अंग पुसायचं, चुलीपुढे भाकरी थापायच्या. त्याच्या भाकरी जात्याच्या पाळूसारख्या व्हायच्या. ठकू तापात सुद्धा त्या बघून हसली एकदा.

चारच दिवसांत सोपानच्या गालांवर रंग आला. पाचव्या दिवशी सकाळी हौशीरामने त्याला खांद्यावर घेतलं, पोराचं कपाळ त्याच्या गळ्याला लागलं आणि तो जागच्या जागी थांबला.

अंग तापलं होतं. नुसतं कोमट नाही, चांगलं तापलं होतं. नाक वाहत होतं आणि छातीत घरघर.

सकाळची खेप त्याने चुकवली. सांगितलं होतं, आणू नको. तो शब्दाला जागला, दुपारपर्यंत. पेजेचं पाणी पाजून बघितलं, पोराने थुंकून टाकलं. शेळीच्या दुधाचा बोळा तोंडाला लावला तर मान फिरवली. दुपारी त्याचं रडणं पुन्हा तसं बारीक झालं, त्या दिवशीसारखं. आतून ठकू विचारत होती, "पोराचं अंग कसं हाय वो?"

"गार हाय," हौशीराम म्हणाला. पहिलं खोटं त्याने घरातच बोलून घेतलं. दुसरं बोलायला मग फारसं जड गेलं नाही.

ओढ्यावर तो थांबला. वरून भुरभुर पाऊस होता. तो दगडावर बसला, धोतराचा सोगा पाण्यात बुडवला आणि पोराचं कपाळ पुसलं. मग मान, मग काखा, मग तळपाय. गार पाण्याने पोर दचकून श्वास ओढायचं. हौशीराम स्वतःशी म्हणत होता, एकदाच, आजच्या दिवस फक्त. नाक पुसलं. पुन्हा सोगा बुडवला. पुन्हा कपाळ. हाताला गार लागेपर्यंत तो पुसत राहिला आणि मग जवळजवळ पळतच आताराच्या दारात गेला.

इब्राहिम ओट्यावर मणी ओवत बसला होता. "सकाळी आला न्हाईस? आमची बाई वाट बघत व्हती."

"खाचरात अडकलो व्हतो."

"पोर बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. पावसानं जरा भिजलंय."

बिबिजानने पोराला आत नेलं. हौशीराम ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि कानात प्राण आणून ऐकत राहिला. आता ती ओरडेल, आता पोराला बाहेर आणेल. मग घुटक्यांचा आवाज आला. सुटलो, असं त्याला वाटलं. सुटल्याचाच आनंद झाला त्याला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तसं तीन दिवस चाललं. दिवसातून तीनदा ओढ्यावर थांबायचं. दुसऱ्या दिवशी तर पोर पाणी बघूनच रडायला लागलं. मंजुळा बरोबर असायची. तिने एकदा विचारलं, "बाबा, सोप्याला का धुतो?" तर त्याने तिच्यावर डोळे वटारले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोपानचा ताप उतरला. ठकूही उठून भिंतीला टेकून बसली, तिला दूध मात्र फुटलं नव्हतं. हौशीरामने त्या दिवशी गावदेवाला नारळ बोलला. आपलं सगळं निभावलं, असं त्याला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला तर इब्राहिम ओट्याखाली अंगणात उभा होता. त्याने लांबूनच हात वर केला.

"थांब, थांब तितंच. हौशीराम, आमच्या जैबूला ताप आलाय."

हौशीराम होता तिथेच थांबला.

"माझंच पाप हाय," इब्राहिम म्हणाला. "परवाच्या दिशी घोडेगावच्या बाजाराला गेलो. कोन शिंकतंय, कोन खोकतंय, पेटी उघडून बसलो त्यांच्यात. घरी आलो आन् हात-पाय न धुता पोरीला उचलली. तिचा मुका घेतला रं मी." त्याने उलट्या हाताने नाक पुसलं. "तुझ्या पोराची मला काळजी लागली. त्याला आत न्यू नगं. जैबूला मी माजघरात ठिवायला लावलीय. बिबिजान आंग धुऊन, लुगडं बदलून भाईरच्या खोलीत येईल आन् पाजंल. आमचा ताप तुझ्या लेकराला नगं लागायला."

बोलायचं असतं तर ते त्या क्षणी बोलायचं होतं. चार शब्दांचं काम. हौशीराम म्हणाला, "तुमी लई करताय भाई." आणि पोराला पुढे केलं.

त्या दिवसापासून इब्राहिम घरात गेला नाही. ओट्यावरच त्याने कांबळं टाकलं. ताट वेगळं, लोटा वेगळा. बाजाराचे कपडे त्याने ओढ्याच्या काठी जाळून टाकले. पेटी गोठ्यात नेऊन ठेवली आणि वर गोणपाट टाकलं. पोर आत खोकली की तो उठून उभा राहायचा आणि दाराच्या चौकटीपर्यंत जाऊन परत फिरायचा. बिबिजान आतून म्हणायची, "या की आत. तुमच्यानं काय हुत न्हाई." तो म्हणायचा, "झालं तेवढं बास."

हौशीराम हे दिवसातून तीनदा बघायचा. त्याच्या घरात आता चूल वेळेवर पेटत होती, ठकू काठीला धरून अंगणापर्यंत येत होती, आणि खाचर जवळजवळ लावून झालं होतं. सोपान दोन्ही हातांनी स्वतःचा पाय धरून हसायला लागला होता. पोर हसलं की हौशीरामला वाटायचं, कुणी ऐकेल. रात्रीचा घास घशाखाली उतरेना. ठकूने विचारलं, "तुमाला बी ताप आला का काय?" तो म्हणाला, "न्हाई, दमलोय." रोज सकाळी निघताना तो ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज ओढा ओलांडला की त्याला वाटायचं, सांगितलं तर दूध बंद होईल. हे कारण खरं होतं. पण खरं कारण एवढंच नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. आपण काय केलं ते दुसऱ्याच्या तोंडावर वाचायची त्याच्यात हिंमत नव्हती.

सहाव्या दिवशी पावसाने उघडीप दिली. बिबिजानने जैबूला घटकाभर उन्हाला म्हणून ओट्यावर आणलं आणि कांबळ्याच्या एका टोकाला निजवलं. इब्राहिम लगेच उठून अंगणात उतरला. पोर डोळे मिटून पडली होती. उजव्या कानाखाली कातडी सुजून चकाकत होती.

हौशीराम सोपानला परत घेऊन निघाला होता. त्याने त्याला ठकूने शिवलेल्या दुपट्यात गुंडाळलं होतं. इब्राहिम त्याच्याजवळ आला. पण हाताच्या अंतरावर थांबला.

"हौशीराम, माझं एक काम कर."

"काय, भाई?"

"जैबूला उचल जरा. तुझ्या घरातला ताप सरलाय, तुझं पोर बी चांगलं हाय, तुझ्या हातानं काय व्हनार न्हाई. तिला उचल आन् मला सांग, किती उतरलीय. ताप यायच्या आधी ती चांगली जड व्हती. डाव्या हातानं उचलता येत नव्हती मला." तो हसायचा प्रयत्न करत होता. "बिबिजान म्हनती, काय उतरली न्हाई. ती मला बरं वाटावं म्हनून म्हनती. तू खरं सांगशील."

हौशीरामने सोपानला बिबिजानकडे दिलं आणि तो वाकला. पोरीच्या पाठीखाली त्याने दोन्ही हात घातले. जोर लावून उचलायला गेला आणि पोर इतक्या सहज वर आली की त्याचा तोल गेला. काहीच नव्हतं अंगात. दुपट्याचंच वजन. तिचं डोकं त्याच्या मनगटावर कलंडलं आणि तिथे त्याला तोच चटका बसला.

"किती हाय?" इब्राहिमने अंगणातून विचारलं. "सांग की. न्हाई म्हनू नगं, खरं सांग."

हौशीरामने पोरीला परत कांबळ्यावर ठेवलं. तो उठला नाही. गुडघ्यांवरच बसून राहिला.

"भाई, ह्यो ताप तुमी आनला न्हाई."

"म्हंजी?"

"मी आनला. सोप्याला ताप व्हता. तीन दिस व्हता. मी वढ्यावर त्याचं कपाळ पुसून आनायचो. तुमी म्हनला व्हता, ताप आला की आनू नगं. मी आनला."

हौशीराम जमिनीकडे बघत बोलत राहिला. "भुकेनं मरंल असं वाटलं. एकदाच आनावं म्हनलं. मग तीन दिस आनला. तुमी बाजाराचं बोलला, तवा बी मी गप बसलो. मला मारा, काय बी करा."

इब्राहिमने त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याने बिबिजानकडे बघितलं. "तुला ठावं व्हतं?"

बिबिजानच्या कडेवर सोपान होता. ती म्हणाली, "कपाळ पुसता येतं. तोंड कसं पुसनार? छातीला लागलं तवाच चटका बसला."

"मंग पाजलंस का?"

"भुकेलं व्हतं ना." तिने पदर सारखा केला. "उजवी बाजू जैबूची ठिवली, डावी ह्याची. वाटलं, तेवढ्यानं भागंल."

"आन् मला न्हाई सांगितलंस? सा दिस मी हितं कुत्र्यावानी..."

"सांगितलं असतं तर तुमी दार लावलं असतं. त्याला दुसरं कुनाचं दूध व्हतं?" आता तिचा आवाज कापायला लागला. "मला वाटलं, भाऊ सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील. पाजताना रोज त्यांच्या पाठीकडं बघत व्हते मी."

हौशीरामला वाटलं, जमीन फाटावी. रोज तिथे उभा राहून तो समजत होता की आपल्या पाठीला कुणी बघत नाही.

इब्राहिम ओट्यावर चढला. हौशीराम त्याच्या वाटेतच बसला होता, तर तो त्याला वळसा घालून गेला. त्याने जैबूला उचललं, छातीशी धरलं आणि आत गेला. आतून पोरीच्या रडण्याचा आवाज आला. सहा दिवसांनी तो हात तिला लागला होता. मग इब्राहिमचा आवाज आला, पण तो त्यांच्या घरातल्या बोलीत होता आणि हौशीरामला त्यातलं काही समजलं नाही.

बिबिजानने सोपानला त्याच्या हातात दिलं. "दिस मावळायच्या आत आना," ती म्हणाली. "अजून थोडं पियाला हवंय त्याला."

घरी येऊन त्याने ठकूला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी तिनेच पोराला गुंडाळलं आणि त्याच्या हातात देताना म्हणाली, "मला चालाय येत असतं तर मीच गेले असते. तुमाला धाडलं नसतं."

त्या संध्याकाळी इब्राहिम दारात उभा होता. हौशीरामने पोराला पुढे केलं. इब्राहिमने ते लगेच घेतलं नाही. उजव्या हाताचा तळवा पोराच्या कपाळावर ठेवला. मग उलट्या हाताने गळ्याला लावून बघितलं. दुपट्यात हात घालून पोट बघितलं, तळपाय बघितले. पोराच्या तोंडात करंगळी घालून बघितली. हे सगळं सावकाश, जनावराच्या बाजारात बघतात तसं. शेवटी "न्हाई," असं आत सांगितलं आणि मग पोराला नेलं. हौशीराम तेवढा वेळ मान खाली घालून उभा होता.

जैबूचा ताप आणखी चार दिवसांनी उतरला. कानातून पू गेला. घोडेगावच्या डॉक्टरांनी पिचकारीने कान धुतला, पण पुढे त्या बाजूने तिला ऐकू आलं नाही. हाक मारली की ती उलटीकडे बघायची.

ठकूला दूध फुटायला महिना लागला. महिनाभर हौशीराम दिवसातून तीनदा ओढा ओलांडून गेला. इब्राहिम त्याला वाईट शब्द बोलला नाही. वाडीत कुणाला सांगितलं नाही. पेटी पुन्हा खांद्याला लावली, बाजाराला जायला लागला, आणि घरी असेल तेव्हा प्रत्येक खेपेला पोराला हातात घेण्याआधी कपाळाला हात लावून बघायचा. तो नसेल तर बिबिजान काही न बघता घ्यायची. हौशीरामला ते जास्त अवघड जायचं.

पाऊस ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी इब्राहिम घाईत होता. पेटी खांद्यावर होती, लांबच्या बाजाराला निघायचं होतं. हौशीराम दारात आला तसा त्याने हात पुढे केले, सोपानला सरळ उचलून घेतलं आणि आत वळला. बघायचं विसरला असेल, नाहीतर आता त्याला गरज वाटली नसेल.

"भाई," हौशीराम म्हणाला.

इब्राहिम थांबला.

"कपाळ बघितलं न्हाईत."

इब्राहिम वळून त्याच्याकडे बघत राहिला. हौशीरामची नजर खाली होती. मग इब्राहिमने पेटी खांद्यावरून उतरवली, पोराला डाव्या हातावर घेतलं आणि उजवा तळवा त्याच्या कपाळावर ठेवला.

"गार हाय," तो म्हणाला, आणि पोराला घेऊन आत गेला.